अण्णा लाजले

मंगळवार, संध्याकाळ

"जरा बाहेर जाऊन ये ना." अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आज दिवसभरात हे कितीदा सांगितलं, आणि मी मठ्ठ. मला वाटलं, माझ्या बडबडीला कंटाळले.

परवा त्यांना शहाडहून कल्याणला आणेपर्यंत अपेंडिक्स फुटलेलं. पोटभर पू. लगेच ऑपरेशन झालं म्हणून वाचले. आता आतडी कधी चालू होतात याची सगळ्यांना काळजी. गॅस सरला की आतडी जागी झाली असं समजायचं, तोवर घोटभर पाणीसुद्धा नाही. डॉक्टर आले की हेच विचारतात, "आजोबा, गॅस गेला का?" आणि अण्णा छताकडे बघत, "अं हं."

संध्याकाळी डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. म्हणाले, स्कॅन करून बघू या. पुन्हा पोट उघडायचं की काय? तेवढ्यात अण्णा परत, "तू जरा बाहेर जाऊन ये." गेले एकदाची. डॉक्टर हसतच बाहेर आले. "अहो, सकाळीच गेलाय. सुनेसमोर कसं सांगणार, म्हणतात."

म्हणजे माझ्यापायी हा माणूस दिवसभर चहाविना? आधी पाणी दिलं, मग डॉक्टरांना विचारून चमच्याने चहा. हसू दोघांनाही आवरेना. टाके दुखतात म्हणून ते बिचारे पोट धरून हसत होते.

सासूबाईंना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून घर दणाणून सोडलंय या माणसाने. आजच बरी लाज वाटली."