गुडघ्यांना जागा

प्रिय धाकट्या खांबा,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर दुसऱ्याच वाक्याला तू 'बाबा, पेशंट आलाय' म्हणून फोन ठेवून दिला असतास, म्हणून पत्र. पत्र फार तर फाडता येतं, आणि तू ते फाडणार नाहीस, कारण बातमीच तशी आहे. तुझी गाडी मी विकलेली नाही. उलट रोज चालवतोय. आज सकाळी दूध आणायला गेलो होतो. येताना आपल्या गल्लीच्या त्या अरुंद वळणावर, जिथे तू पडलीस अगदी तिथेच, हँडल पूर्ण वळवलं आणि गुडघा कशालाही लागला नाही. मला इतका आनंद झाला की मी मागे फिरून तेच वळण परत घेतलं. मग अजून एकदा. शेवटी किराणावाला दुकानातून बाहेर येऊन म्हणाला, 'काका, काही हरवलंय का तुमचं?' मी म्हटलं, हरवलं होतं, आता सापडलं. तो बिचारा रस्त्याकडे बघत राहिला आणि दूध घरी येईपर्यंत कोमट झालं.

तू पडलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. लागलं काहीच नव्हतं. वळताना तुझा गुडघा हँडलखाली अडकला, गाडी आडवी झाली आणि दुकानाच्या फळीवर बसलेली टाळकी फिदीफिदी हसली. कोणीतरी म्हणालं, उंटाला स्कूटर कोणी दिली. तू गाडी ढकलत घरी आणलीस, जिन्याखाली लावलीस, वर कव्हर ओढलंस आणि म्हणालीस, 'गाडी चांगली आहे, माझंच माप चुकलंय.' आई तेव्हा मशीनवर कोणाच्या तरी पँटची उंची कमी करत बसली होती. तिचा पाय थांबला. मी बोलणार काय, ते माप तुला दिलं कोणी? शाळेच्या फोटोत तुला कायम मागच्या रांगेत, कडेला उभं करायचे आणि तू खांदे पाडून उभी राहायचीस, ते खांदे पाडणंसुद्धा माझंच. पुढे तू नोकरीसाठी तिकडे गेलीस आणि पहिल्याच महिन्यात तुझा फोन आला की गाडी विकून टाका.

गिऱ्हाईक आलं होतं, खोटं कशाला सांगू. ठेंगणाठुसका, हसरा माणूस. गाडीवर बसला तर गाडी जणू त्याच्या अंगावर बेतलेली. दोन्ही पाय जमिनीवर सपाट, गुडघ्यांना कसली म्हणून तोशीस नाही. मला त्या भल्या माणसाचा उगाचच राग आला. बॅटरी उतरलीय, पुढच्या आठवड्यात बघू, असं सांगून मी त्याला वाटेला लावलं. आणि त्याच आठवड्यात तू आईशी फोनवर बोलत होतीस. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना व्यायाम द्यायचं काम चालून आलंय, उत्तराला दोन महिन्यांची मुदत आहे, पण स्वतःची दुचाकी हवी अशी अट आहे, म्हणून तू नाही म्हणणार आहेस. अगं, फिजिओथेरपी शिकायला लागल्यापासून तू हेच काम करायचं म्हणत होतीस. हॉस्पिटलच्या तळघरातल्या त्या खोलीत माणसं येतात आणि जातात, घरी ती जिना कशी चढतात ते बघायला मिळत नाही, ही तुझीच तक्रार. आणि आता पाय लांब आहेत म्हणून नाही म्हणायचं. मला काही ते गिळेना. दुपारी आईचा डोळा लागल्यावर मी जिन्याखाली गेलो, कव्हर काढलं आणि गाडीवर बसलो.

बसलो म्हणजे अडकलो. तुला ठाऊकच आहे, सगळी हयात बस चालवली पण दुचाकीच्या वाटेला कधी गेलो नाही. दारांनी मला टेंगळं दिली, पलंगांनी पाय बाहेर काढले, लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरनं तुझ्या आईला स्टुलावर उभं केलं. बसच्या केबिनमध्ये तेवढी सीट मागे सरकायची, आणि पाय लांब करून बसायची माझी जगातली एकमेव जागा ती. तुझ्या स्कूटरवर माझे गुडघे थेट हँडलला भिडले. आरशात बघावं तर रस्ता नाहीच, नुसती माझीच दोन कोपरं. पोरी, तू या गाडीवर आठ दिवस काढलेस, याचंच मला त्या दिवशी नवल वाटलं. त्या फळीवरच्या टाळक्यांना एकदा माझ्या मापाचे पाय लावून बसवायला हवं होतं.

मग मी शिकाऊ परवाना काढला आणि डेपोत जायला लागलो. सकाळच्या गाड्या सुटल्या की पटांगण रिकामं असतं आणि तिथं मला अडवणारं अजून कोणी नाही. हसणारे मात्र पुष्कळ. पहिल्याच दिवशी मी वळण घेतलं ते पार कुंपणाला वळसा घालून. मागून मेकॅनिक ओरडला, 'अहो काका, मागं बस नाहीये.' आता सवय म्हणजे सवय. आयुष्यभर ज्याच्या पाठीमागे अख्खी बस वळत होती, तो माणूस आधी पुढे जातो आणि मग वळतो. त्याहून मोठी गंमत रस्त्यावर झाली. स्टॉप दिसला की माझा हात आपोआप ब्रेकवर जायचा. मी डावीकडे घेऊन थांबायचो आणि स्टॉपवरची माणसं माझ्याकडे बघायची. एक आजीबाई तर पिशवी घेऊन पुढेही आल्या. परवान्याच्या परीक्षेत आठचा आकडा काढायला सांगितला, तो मी इतका मोठा काढला की साहेबांनाच खुर्ची उचलून मागे सरकावं लागलं. दुसऱ्या खेपेला पास झालो, पहिल्या खेपेला मात्र नापास. घरी सांगितलं नाही, पण तुझ्या आईपासून काय लपतंय.

खरी डोकेफोड गुडघ्यांचीच होती. गुडघे फाकवून बसलो, तर वळणावर हँडल मांडीला लागतं आणि दिसतो मी बेडकासारखा. मागे सरकून बसलो, तर गुडघे सुटतात, पण सीटचा मधला उंचवटा पाठीत घुसतो. उंचवट्यावरच बसलो, तर हात पुरत नाहीत. शेवटी मेकॅनिकनं डोकं चालवलं. म्हणाला, सीट थोडी उचला, उंचवटा काढून टाका, बूड चार बोटं मागे जाऊ द्या. उंच बसलात की पाय खाली सुटतील, गुडघा आपोआप हँडलच्या खालून निघेल. जमिनीला पाय टेकायची चिंता ठेंगण्यांनी करायची, आपल्याला काय. आरशांच्या दांड्याही त्यानंच कुठून तरी लांब आणून बसवल्या. पण सीट शिवणार कोण, असं मी विचारल्यावर त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की काखेत कळसा घेऊन मी कुठे निघालोय.

तुझ्या आईनं एका शब्दानंही का, कशाला, असं विचारलं नाही, आणि खरं तर मला तिथेच शंका यायला हवी होती. तिनं मला गाडीवर बसवलं, टेप घेतली आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत मापं घेतली. मधेच 'खांदे पाडू नका, माप चुकतं' म्हणून पाठीत एक चापटही दिली. वर्तमानपत्राचा कागद कापून बेतलं, जुन्या गादीचा फोम थरावर थर चिकटवला, रेक्झिन आणलं. मशीनची सुई दोनदा तुटली, तेव्हा दाभण घेऊन हातानं शिवलं. सीट झाली देखणी, पण मी बघतो तर मागच्या माणसाला जागाच ठेवलेली नाही. मी म्हटलं, हे काय, तू कुठे बसणार? तर म्हणते, 'मागं कोण बसणार आहे?' मला वाईट वाटलं, खरंच सांगतो. वाटलं, हिला माझ्या मागे बसायचंच नाहीये. मी रुसून बसलो, जेवताना बोललो नाही. सकाळी उठून बघतो तर बाई चष्मा लावून सगळी शिवण उसवत बसलेली. शिवण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ लागतो, एवढंच तिनं ऐकवलं. मग मागे एका माणसापुरती सपाट जागा सोडून पुन्हा शिवलं.

आणि ती बसली. गाडीवर बसलेली तुझी आई तू पाहायलाच हवी होतीस. एका हातानं माझा शर्ट, दुसऱ्या हातानं मागची दांडी, डोळे गच्च मिटलेले. बसमध्ये एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, हे तिला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक. तिनं माझ्या पाठीवर दोनदा टकटक केलं, मी निघालो. दुकानापर्यंत जाईतो एकेक टकटक करून तिनं मला इतक्यांदा थांबवलं की चालत लवकर पोचलो असतो. पण डेपोच्या सरळ रस्त्याला लागल्यावर टकटक बंद झाली. मी नव्या लांब आरशात पाहिलं तर तिचे डोळे उघडे, आणि ती माझ्या कानाशी बोलत होती. कोणाकडे रंग दिलाय, कोणाच्या गॅलरीत कोणाचे कपडे वाळतायत, सगळं. इतक्या वर्षांत ती माझ्या बसमधून किती फिरली, पण चालकाशी बोलू नये अशी पाटी तिच्या डोळ्यांसमोर असायची आणि माझी पाठ तिच्याकडे. आता पाठ तिच्याकडेच असली तरी तोंडाचा पट्टा थांबत नाही, आणि मला तो थांबायला नकोय.

परवा मी तिला म्हटलं, सगळं झकास झालंय, फक्त सीट अजून दोन बोटं मागे घे, लांबच्या रस्त्याला माझी मांडी जरा भरून येते. ती म्हणाली, बरोबर आहे ती. मी म्हटलं, अगं, टेप लावून बघ. तिनं हातातलं बटण लावायचं न थांबवता सांगितलं, 'तिच्या मापानं बरोबर आहे.' मी खुर्चीवर बसलोच. दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या दोन खुणा आहेत ना, सगळ्यात वर माझी आणि तिच्याखाली दोन बोटांवर तुझी, त्या दोन बोटांचा हिशेब तिनं पहिल्या दिवसापासून धरला होता. मी गाडीवर बसलो ते उंच माणसाला ही गाडी जमते की नाही हे बघायला, आणि जमली की तुझ्याकडे न्यायची हे मनात ठेवून. मला वाटत होतं, हे माझं एकट्याचं गुपित. तिला ते कव्हर काढलं त्याच दुपारी कळलं होतं, झोपली नव्हतीच ती. आणि 'मागं कोण बसणार आहे' हे ती स्वतःबद्दल बोलत नव्हती. तू तिथे एकटी असतेस, म्हणून म्हणत होती. ते मला समजलं तेव्हा तुझ्या आईनं माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

तेव्हा पत्राचं कारण आता सांगतो. शनिवारी ती दोन महिन्यांची मुदत संपते आणि तुला त्या लोकांना उत्तर द्यायचं आहे. शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं तुझी गाडी घेऊन तुझ्या दारात येतोय. वाटेत तीनदा चहाला थांबायचं असं आईनं ठरवलंय, त्यामुळे उशीर झाला तर घाबरू नकोस. आधी तुझ्या गल्लीतलं सगळ्यात अरुंद वळण शोधून ठेव. आपण तिघं तिथे जाऊ आणि ते तू घ्यायचंस, हवं तितक्यांदा. मागची जागा तुझ्या व्यायामाच्या पिशवीला, किंवा ज्याला कोणाला बसवशील त्याला. मी विचारणार नाही, आई विचारेल. इतकं करूनही ते काम नकोच वाटलं तर खुशाल नाही म्हण, पण गुडघ्यांच्या नावावर नको. आणि गाडी पुन्हा झाकून ठेवायचा विचार करू नकोस, कारण त्या कव्हरची आईनं पुसायची फडकी केलीत, त्यातली दोन डिकीत ठेवली आहेत. किल्ली तुझ्या हातात दिली की आम्ही संध्याकाळच्या बसनं परत येऊ. आयुष्यात पहिल्यांदा मी बसमध्ये तुझ्या आईच्या शेजारी बसणार आहे. माझे पाय त्या बाकात मावणार नाहीत, ते मी वाटेत बाहेर काढीन आणि येणारे-जाणारे शिव्या देतील, देऊ देत. खिडकी मात्र तिची, हे तिनं आत्ताच बजावून ठेवलंय.

तुझाच,
थोरला खांब