सायलेन्सरमधलं सोडण

रवि., २ नोव्हें.
कार्ले खिंडीच्या चढावर गाडीनं मान टाकली. जागेवर इंजिन छान घुमतं, चढ लागला की ताकद शून्य. मागे एसटी, नुसते हॉर्न. वडिलांची, आण्णांची गाडी ते गेल्यापासून वर्षातून चारदा बाहेर निघते, आणि भर रस्त्यात ही शोभा! दिवाळीत रेवदंड्याच्या गॅरेजवाल्या मुश्ताकनं घरी येऊन कार्बोरेटर साफ केला, त्यानंतरचं हे. चांगला काढून भंगारातला बसवला असणार. दुसरं काय?

सोम., ३
वाण्याच्या दुकानासमोर मुश्ताक दिसला. राहवलं नाही. "आण्णांचा कार्बोरेटर कितीला विकलास?" आठ-दहा माणसं होती. तो एवढंच म्हणाला, "बाई, आण्णांनीच मला पाना धरायला शिकवलाय." मी म्हटलं, म्हणूनच जास्त वाईट वाटतं. बरं झालं, बोलले.

शुक्र., ७
अलिबागचा मेकॅनिक आला. प्लग, पॉइंट, पेट्रोल पंप, सगळं पाहिलं. "कार्बोरेटर जुनाच हाय बाई, गाडीबरोबरचा." मग? जाताना सायलेन्सरमागे हात धरला. "धूर जोरात येत न्हाय. नळीत कायतरी अडकलंय. उद्या तार घेऊन येतो."
तो गेल्यावर अडगळीतून तार शोधून ठेवली.

शनि., ८
त्याची वाट पाहिली नाही. तारेला आकडा करून नळीत घातला. नारळाचं सोडण निघालं, काथ्याच्या सालीचा करपलेला बोळा. मीच कोंबलेलं. पावसाळ्यात उंदीर शिरू नये म्हणून आण्णा एक कोंबत. मी शहाणी, दोन कोंबली. दसऱ्याला पूजेआधी काढलं एकच. तेव्हा गाडी फाटकापर्यंतच गेली, कळलं नाही.
आणि मग केलं काय? इकडे-तिकडे बघितलं आणि सोडण माडाच्या आळ्यात पुरलं. मेकॅनिकला फोन, येऊ नका. एकतीस वर्षं पोरांना वर्गासमोर चूक कबूल करायला लावली मी. शी.

रवि., ९
गाडी खिंड सहज चढली. तशीच रेवदंड्याला, मुश्ताककडे. माफी मागायचीच म्हणून. गॅरेज रिकामं. सोमवारपासून तिघांनी गाड्या दुसरीकडे नेल्या.
"काय निघालं बाई?"
"पेट्रोलमध्ये कचरा होता."
हे मी म्हटलं. मी!
सवयीनं त्यानं सायलेन्सरमागे तळवा धरला. काथ्याचा काळा धागा चिकटला. बघत राहिला. मग हळूच, "आण्णा सोडणाला लाल चिंधी बांधायचे. विसरू नये म्हनून."
चहा मागवला माझ्यासाठी. अर्धा कप ठेवून निघाले.

मंगळ., ११
आज दुकानासमोर उभी राहून सगळं सांगितलं. कार्बोरेटर तोच, चूक माझी, सोडण मी कोंबलं. वाणी हसला. "बाईंचं मन मोठं. पाठीशी घालतायत त्याला." परत सांगितलं, मोठ्यानं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पटलं कुणालाच नाही. त्या दिवशी खोटं होतं ते एका वाक्यात पटलं.
घरी येऊन आळं उकरलं. सोडण सापडलं, ओलं, काळंकुट्ट. पिशवीत घातलंय. उद्या दुकानात दाखवणार.
पण आधी रेवदंडा. सगळ्या गावाला सांगून झालं, त्याला अजून 'चुकले' म्हटलेलं नाही. पिशवी दाराशी ठेवलीय. दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली.