मशीनचा पडदा काळा

३ फेब्रु., सोम.
सकाळी लिंगपूजा आटोपून मिलवर गेलो. मी चालवतो त्या डाळ निवडायच्या मशीनला विभूती लावली, हात जोडले, बटण दाबलं. पडदा काळा. दाणा न् दाणा बघून खडा उडवणारं मशीन, आत लिनक्सचा कॉम्प्युटर. डोळेच गेले त्याचे. बाहेर तुरीच्या तीन गाड्या.
शनिवारी दत्तू मिस्त्रीने प्लग बदललेला. मालक, अप्पा, त्याच्यावरच धावले. "हात लावला की वाट लावतो तू!"
"अप्पा, म्या फकस्त प्लग बदललाय हो."


४ फेब्रु.
पुण्याचे इंजिनियर फोनवर. सिस्टीमचा गाभा, ते कर्नल म्हणतात, गेल्या आठवड्यात आपोआप नवा उतरला. पडदा चालवणाऱ्या ग्राफिक कार्डाच्या ड्रायव्हरचं त्याच्याशी जमत नाही. सुरू होताना यादीतून जुना कर्नल निवडला. पडदा आला! मशीन चालू असेपर्यंत कळत नाही, बंद करून लावलं की नवा कर्नल पुढे येतो. बाकी मिलवाले बंदच करत नाहीत. आम्ही दर रविवारी करतो, सोमवारच्या पूजेसाठी.
"आपोआप अपडेट बंद ठेवा म्हणालो होतो. चालू कोणी केलं?"
म्हटलं, बघतो.
मीच केलं. संक्रांतीच्या सुमारास. 'सुरक्षेसाठी आवश्यक' असं पडद्यावर रोज यायचं. भ्यालो, हो म्हणून टाकलं.

६ फेब्रु.
अप्पा परवा आडतीवर होते. त्यांना वाटतं प्लग घट्ट केला म्हणून चाललं. दत्तूला त्यांनी सांगितलं, काम संपलं, सोमवारी हत्यारांची पेटी घेऊन जा. कंधारचा माणूस, पोरगी इथे बारावीला.
डबा खाताना म्हणाला, "अण्णा, तुमाला कळतं मशीनमधलं. माझ्याच्यानं झालं का हो?"
"न्हाई कळत रे."
डबा झाकून ठेवला. मी सांगितलं तर मशीन माझ्या हातून जाईल. या वयात दुसरं कोण देतंय.

९ फेब्रु., रवि.
मशीन बंद करायला गेलो. उद्या यादीतून चुकीचा कर्नल निवडला गेला तर? बटणावरून हात काढला. चालूच ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

१० फेब्रु., सोम.
पूजेत तळहातावरच्या लिंगाकडे बघवेना.
मिलवर आधी आपोआप अपडेट बंद केलं. त्याने फार तर मशीन वाचेल. दत्तू पेटी आवळत होता. तसाच अप्पांसमोर गेलो.
"अप्पा, दत्तूचं काही नाही. नको सांगितलेलं अपडेट मी चालू केलं."
चष्मा काढून बघत राहिले. "आठ दिवस तोंड कुठं होतं तुझं?"
"भीत होतो."
 पुण्याला फोन लावला, मला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेर दत्तू पेटीवर बसलेला. त्याच्या शेजारी बसून हे लिहितोय.  सांगितलं एकदाचं.