आरतीला आधी चाखायला लावू नये

मी, सुकन्या वाल्मिक जायभाय, वय सत्तावीस, शिक्षन सातवी, धंदा ऊसतोड आन मोलमजुरी, राहनार जायभायवस्ती, खर्डा शिवार, तालुका जामखेड, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. जामखेडला कचेरीपुढं बसनाऱ्या लिहिनाऱ्यानं सांगितलं, का सुरवातीला "मी पूर्ण शुद्धीत आहे" हे लिहावंच लागतं. बाकीचे लोक ते नुसतं लिहितात. मी कागद आनलाय. सरकारी दवाखान्यातल्या डाक्टरबाईनं मला तपासून लिहून दिलंय, का आज ही बाई शुद्धीत हाय आन तिला आपलं बरंवाईट कळतं. तो कागद मागं टाचलाय. सगळ्या वस्तीवर शुद्धीत असल्याचा कागद फक्त माझ्याकडं हाय, तव्हा बिभीषण भाऊजींनी शंका काढू नये.

मला कुनी धाक दाखवून हे लिहून घेतलं न्हाई. भ्या वाटतंय म्हनून लिहिते, ते माझं मला वाटतंय.

माझे मालक वाल्मिक तीन वर्षांमागं कारखान्याच्या वाटंवर ट्रॉली उलटून गेले. मला एकच लेकरू हाय, आरती, वय आठ, तिसरीत शिकती. घरात सासू भीमाबाई हाय, तिला मी आत्याबाई म्हनते. दीर बिभीषण शेजारच्या घरात निराळे राहतात. नणंद स्नेहल भिंगारला दिली हाय. माझं म्हनावं असं मानूस एवढंच.

घराचं आधी लिहिते. मालकाच्या वाट्याच्या पत्र्याच्या दोन खोल्या आन वढ्याकडंची जमीन, ह्यातला माझा जो हिस्सा हाय तो सगळा आरतीला द्यावा. आत्याबाई हाय तोवर घरात तिनं राहावं, तिला कुनी ऊठ म्हनू नये. मागची खोली, जिला बाहेरून कडी हाय, तिची कडी काढून टाकावी. मला तिच्यात दोन खेपा कोंडलं हुतं. आत काय हुतं ते मी लिहीत न्हाई. बाहेर काय हुतं ते लिहिते. आरती दाराला पाठ लावून बसायची आन पाढे म्हनायची, म्हंजी मला कळावं ती हाय.

शेळ्या दोन. धाकटी आरतीची हाय, तिनंच नाव ठिवलंय. मोठी आत्याबाईला.

कोयते दोन हायेत. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हनतात. मालक गेल्यावर मुकादमानं मला अर्धा कोयता म्हनून लिहिलं. अर्ध्या कोयत्याला कुनी सोबत घेत न्हाई, मोळी बांधायला मानूस लागतं, डोक्यावर मोळी द्यायला मानूस लागतं. एक हंगाम मी तसा काढला. कोपीत, म्हंजी पाचटाच्या झोपडीत, दिवस मावळला का बाकीच्या बाया एकमेकीला हाका मारायच्या, आन मी मलाच म्हनायचे, चल सुकन्या, भाकरी टाक. तितूनच आजार वाढला असं डाक्टरबाई म्हनती. मालकाचा कोयता बिभीषण भाऊजींना द्यावा. त्यांनी मला भगताकडं न्हेऊन मिरचीची धुरी दिली, त्याला मी माफी लिहीत न्हाई, पन कोयता त्यांच्या भावाचा हाय. माझा कोयता आरतीला कदीच देऊ नये. लोहाराकडून त्याची दोन खुरपी करून घ्यावी.

डोरलं आरतीच्या लग्नात घालावं, आन ते लग्न अठराच्या आधी करू नये. जोडवी माझ्या पायात राहू द्यावी, ती आता निघतही न्हाईत.

आता ज्याच्यापायी मी हे लिहाया बसले ते.

मला जो आजार हाय त्याला वस्तीवर बाहेरचं म्हनतात. तो आला का मला वाटतं अन्नात कुनी काहीतरी घातलंय. दोन वर्षांमागं मी चार दिवस घास घेतला न्हाई. आत्याबाई ताट घेऊन यायची, मी ढकलून द्यायचे. म्हनायचे, तुमी भाजीत काय कालवलं ते मला ठावं हाय. आत्याबाई रडायची, शिव्या द्यायची, ताट शेळीपुढं न्यायची. चवथ्या दिवशी आरती आली. सहा वर्षाची हुती. माझ्यापुढं मांडी घालून बसली, भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवून खाल्ला. मंग तोंड उघडून दाखवलं.

"आई, बघ. मी खाल्लं. मी मेले का?"

मी म्हनले, न्हाई.

"मंग खा."

मी खाल्लं. तिच्या उष्ट्यावर मी दोन महिने जगले. पुढं गोळ्या लागू पडल्या, मी शेतात जाया लागले, हसाया लागले. बाया म्हनाया लागल्या, सुकन्या सुधरली. आजार गेला पन पोरीची सवय गेली न्हाई. मी ताटावर बसले का ती खेळ टाकून येती, एक घास खाती, आन मला बघत उभी राहती. चहाचा घोट आधी तिचा. तांब्यातलं पानी आधी तिचं. लोक म्हनतात, काय माया हाय लेकीची. मी पन तसंच म्हनत राहिले. मला ग्वाड वाटलं, ही माझी चूक हाय आन ती मी हितं कबूल करते.

गेल्या पोळ्याला आत्याबाईनं बैलाच्या निवदाचं ताट वाढून ठिवलं हुतं. मी तितंच बसले हुते, आरतीला वाटलं ते ताट माझं. तिनं पोळीचा कोर मोडून तोंडात घातला. आत्याबाईनं सगळ्यांपुढं तिच्या थोबाडीत मारली. "निवद उष्टा केला सटवीनं. आईनं कायबी वळन लावलं न्हाई." पोर रडली न्हाई. का खाल्लं तेबी बोलली न्हाई. नुसतं माझ्याकडं बघून मान हलवली, म्हंजी चांगलं हाय, खा. मी त्या वक्ताला तोंड उघडलं न्हाई. आत्याबाई, तुमचा हात मी विसरले न्हाई, पन माझं गप बसनं मला त्याहून जास्त टोचतं.

आता परवाचं. मला आठ दिवसांपासून भाकरी लोखंडावानी लागती. मला ठावं हाय ते काय हाय, आजार येताना असाच येतो, आधी जिभेवर. शुक्रवारी मी गोळी घेताना नुसतं येवढं बोलले, "ही कडू लई लागती, कुनी बदलली का काय." बोलले आन मीच भ्याले. मागं आरती उभी हुती.

सोमवारी दुपारी शाळेतले राधाकृष्ण गुरुजी तिला गाडीवर पुढं धरून घेऊन आले. पोर पार झोपलेली, मान पडलेली.

"सुकन्याबाई, हिनं सकाळी काय खाल्लं? वर्गात बसल्या जागी झोपली. उठतच न्हाई."

दवाखान्यात न्हेली. संध्याकाळी जागी झाली तव्हा बोलली, "आईची गोळी निम्मी मी खाल्ली. बदलली न्हाई, आई. तीच हाय. तू घे." मला म्हनली तू घे.

राती आत्याबाईनं सगळं इचारून घेतलं. पोळ्याचंबी तिला तव्हाच कळलं. सकाळी माझं ताट आनलं, आरती घास मोडाया वाकली तर तिचा हात धरला आन सोताच्या तोंडात घास घातला.

"आता ही म्हातारी चाखंल. माझं जगून झालंय. तू तुझं ताट घे."

आरती म्हनली, "आजे, तुला दात न्हाईत. तुला इख कळायचं न्हाई."

"इखाला दात लागत न्हाईत गं भवाने. जेव."

आमी तिघी हसलो. मालक गेल्यापासून घरात तिघी मिळून हसल्याचं मला दुसरं आठवत न्हाई. मंग आरतीनं आजीच्या तोंडाकडं बराच येळ बघितलं, आन आपलं ताट घेतलं.

म्हनून माझी इच्छा अशी, का आरतीचा सांभाळ नणंद स्नेहलनं करावा. मी तिलाच पालक नेमते, बिभीषण भाऊजींना न्हाई. ती मागंच म्हनली हुती, "वहिनी, पोरीला भिंगारला पाठवा, शाळा घराम्होरं हाय." मी म्हनले हुते, मी मेल्यावर ने. मला राग आला हुता. आता मी तो शबूद माघारी घेते. लिहिनारा म्हनला, मृत्युपत्रात सगळं "माझ्या पश्चात" असं लिहायचं असतं. माझी आई अशीच आजारी हुती. तिला गोठ्यात ठिवलेलं. मी तिला ताट सरकवून यायचे, आन रोज वाटायचं हात आत घातला तर ती धरंल. ती अकरा वर्षं जिती हुती आन मी तिच्या पश्चातच वाढले. तव्हा स्नेहलनं माझ्या मरनाची वाट बघू नये. ह्या रविवारी यावं, आरतीला न्यावं. मी बरी राहिले तर सुट्टीला माझ्याकडं पाठवावं. न्हाई राहिले तर पाठवू नये, पन मला काय झालंय ते तिला खरं सांगावं. आई गावाला गेली असं सांगू नये. मला तसंच सांगायचे.

स्नेहल, तुला चार गोष्टी सांगते. तिला बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला का ती ताठ हुती, तव्हा दार हळू लाव. ती काडीपेटी आन इळा लपवून ठिवती. सापडलं तर ओरडू नको, नुसतं जाग्यावर ठिव. तुझ्या ताटातला घास उचलाया आली तर हाकलू नको, "मी चाखलंय" म्हन. हा आजार तिला माझ्यावानी लागंल का, असं मी डाक्टरबाईला इचारलं. ती म्हनली, लागंलच असं न्हाई. चवथी गोष्ट ही, का डाक्टरबाईचं हे वाक्य तिला मोठी झाली का सांग.

माझ्या गोळ्या उद्यापासून आत्याबाईकडं राहतील, उंच फळीवर. उद्या मी आत्याबाईला घेऊन दवाखान्यात जानार हाय, भाकरी लोखंडावानी लागती हे सांगाया. आज कागद घेताना ते सांगायचा धीर झाला न्हाई. आरती गेल्यावर माझ्यापुढं कुनी उभं राहनार न्हाई. ताट तसंच पडंल कदाचित एकदोन दिवस. ते माझं मी बघीन.

शेवटचं. मागल्या खेपंला मी पायी निघाले ते तिसऱ्या दिवशी करमाळ्याच्या वाटंवर सापडले. पुढल्या खेपंला सापडंल का न्हाई सांगता येत न्हाई. मी गेलेच तर दहाव्याला भात लई करू नका. पिंडाला कावळा शिवला न्हाई का लोक हात जोडून कबूल करतात, तुझ्या लेकीला सांभाळू, तुझं अमुक करू. मेलेल्या मानसापुढं समदे कबूल करतात. मला ते आत्ता पायजे, मी बसून ऐकत असताना. म्हनून हा कागद मी घरात वाचून दाखवला आन ज्यानं त्यानं कबूल केलं ते खाली हाय.

आन तरीबी कावळा थांबला, तर आरतीला पिंडाजवळ येऊ देऊ नका. कुनी खात न्हाई म्हनल्यावर ती चाखाया वाकंल. तिला बाजूला ताट वाढा, तिचं तिला. ती पोटभर जेवली का कावळा येईल.

ठिकान : जायभायवस्ती, खर्डा शिवार
तारीख : १५ ऑक्टोबर २०२५, बुधवार

सही : सुकन्या वाल्मिक जायभाय

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यादेखत मी सही केली आन ज्यांनी माझ्यादेखत केली :
१. राधाकृष्ण गुरुजी, शाळा (सही)
२. रंगनाथ तात्या, शेजारी (सही)

स्नेहल कानिफनाथ हिनं फोनवर सगळं ऐकून कबूल केलं : "वहिनी, रविवारी येते. तिची वह्यापुस्तकं तेवढी भरून ठेवा."

भीमाबाईची कबुली, ती बोलली तशी लिहिली : "पोरीला रविवारी लावून देईन. सुनंचं ताट आजपासून मी चाखीन. पोळ्याला मारलं ते चुकलं, हे बी लिही." डाव्या हाताचा अंगठा.