अंगठा मुठीत धरून पाहा

पोंभुर्णा, ५ जून

आदरणीय नागसेनभाऊ,

सप्रेम जयभीम. तुमची तब्येत, वहिनीचे गुडघे अन् तुमची ती मारकी म्हैस, सगळे ठीक असतील अशी आशा करतो. (म्हशीचं नाव तुमच्यासंगं घेतलं म्हणून रागावू नोका. मागच्या खेपेला दारात मले आधी तिनंच ओळखलं होतं.) इथी तुमची बहीण रुखमा बरी आहे अन् मी आजारी आहो, असं मी गेल्या मंगळवारपर्यंत समजून राह्यलो होतो.

फोन सोडून पत्र काऊन, असं तुम्ही म्हणसान. तर फोनच माह्या आजाराचं मूळ आहे. आमच्या पोरानं, प्रफुलनं, नागपूरहून नवा फोन पाठवला, अन् मले त्याच्यात काय काय दिसू लागलं! हत्तीचे दात कसे घासतात, डोंगराच्या पोटातून रस्ता कसा काढतात, घड्याळ उघडलं का आत काय असते. एक संपलं का अंगठ्यानं वर सारा, दुसरं हजर. दीड महिना सारत राह्यलो. मंग एके दिवशी लोटा उचलला अन् अंगठ्यापासून मनगटापर्यंत असा करंट गेला का लोटा पायावर. बाम चोळला. मुखरू हाड बसवते म्हणून त्याच्याकडं गेलो, तर त्यानं हात असा ओढला का दुखणं खांद्यापर्यंत वाढलं. शेवटी रुखमा मले मूल गावच्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथी व्यायामानं दुखणं बरं करणाऱ्या दिव्यानी मॅडम आहेत, तुमच्या चंचलएवढीच पोरगी. कोणतं काम करता, त्यांनी इचारलं. मी म्हटलं, शेती. मांडीवर पिशवी घेऊन बसलेली रुखमा म्हणे, मोबाईल. मॅडम हसल्या अन् म्हणाल्या, अंगठा मुठीत धरा अन् मनगट करंगळीच्या बाजूला वाकवा. मी वाकवलं, अन् असा बोंबललो का बाजूच्या खाटेवर कमरेले वजन बांधून निजलेला माणूस उठून बसला. (त्याची कमर तिथीच बरी झाली असावी, माहा फायदा लोकायलेच होते.) मॅडम म्हणाल्या, अंगठ्याच्या दोन दोऱ्या मनगटातल्या एका बोगद्यातून जातात, तो सुजला. म्हणजे पायजम्याच्या नेफ्यात नाडा अडकते ना, तसं.

मंग इलाज. जेली लावून एक मशीन मनगटावर फिरवली. आवाजाच्या लहरी आत जातात म्हणे. मी कान लावून पाह्यला, काहीच आवाज नाई. पुन्हा लावला, तं जेली कानात. अंगठ्याले पट्टा दिला. घरी दहा मिनिटं बर्फाच्या पाण्याचा फडका ठेवा, अन् पाण्यानं भरलेली छोटी बाटली चांगल्या हातानं वर न्या, दुखऱ्या हातानं हळूहळू खाली आणा. ताकद उतरवताना येते, चढवताना नाई! मले हे इतकं आवडलं का मी येताना एसटीत कंडक्टरलेही सांगितलं. अन् तीन आठवडे पिळणं बंद, उचलणं बंद, फोन बंद. फोन रुखमानं जप्त केला. फडका तीच पिळे, बादली तीच उचले, मी पट्टा बांधून ओट्यावर बसो.

आता रिकामा माणूस काय करन? पौर्णिमेले विहारात वंदना झाल्यावर मी सगळ्यायले अंगठा मुठीत धराले लावलं. माणसं सोळा. कोणालेच काही नाई, फक्त सुकलू हात लावायच्या आधीच ओरडला, तो मी मोजला नाई. बाया चौदा, त्यातल्या नऊ जणी "अगं माय" म्हणून खाली बसल्या. मी वहीत लिवलं अन् इचारात पडलो. बायायलेच काऊन? मले वाटलं, बांगड्यायमुळं असन. तसं बोललोही. तर सुगंधाबाई म्हणते, "सोमाभाऊ, बिडीच्या तेंदूपानाचे दिवसाचे दीडशे पुडे झाडाच्या सालीनं बांधून पाह्य, मंग बांगड्यायचं सांगजो." तेही वहीत लिवलं.

वहीत रुखमाचं नाव नव्हतं. माहे हात पिठात आहेत, म्हणे. दुसऱ्या दिवशीही पिठात. मंगळवारी चहा तिनं डाव्या हातानं दिला. मंग मी पाहत गेलो. हंडा ती मनगटानं नाई, कोपराच्या खोबणीत उचलते. दार खांद्यानं लोटते. मी तिचा हात धरला, अंगठा मुठीत ठेवला अन् थोडासाच वाकवला. ती ओरडली नाई, डोळे मात्र भरून आले. "सोडा, भाजी करपून राह्यली," म्हणाली. चुलीवर तेव्हा काहीच नव्हतं, भाऊ. दोन हंगामांपासून दुखते म्हणे. अन् माह्या हातासाठी फडका पिळाले मी तिलेच लावलं होतं! मले लई लाज वाटली.

वहिनीले जयभीम. म्हशीपासून जपा.

आपला,
सोमाजी

ता. क. आता कामाचं. मी एकटा मूलले जाऊन मॅडमले इचारून आलो. चार आठवडे तिचा हात शांत राह्यला तं पट्ट्यानं अन् व्यायामानं भागन, नाईतर सुई, अन् सुईनं नाई ऐकलं तं चिरा. ती म्हणते, धानाचा रोवणा झाल्यावर पाहू. रोवण्यात हात उरन काय? म्हणून तुम्ही तिले बलवा. आराम करायले ये म्हणसान तं येणार नाई. म्हणून जिथी फक्त तोंड लागते असं काम सांगा. चंचलसाठी स्थळं पाहाची आहेत, आत्याशिवाय पसंती होत नाई, असं कळवा. रोवण्याचं मी पाहून घेईन. फोनवर हे बोललो असतो तं तिनं ऐकलं असतं.

ता. क. दुसरा. मी लिवलं हे तिले सांगू नोका.

ता. क. तिसरा. दादा, मी रुखमा. हे पत्र ह्यायनं तांदळाच्या कोठीत लपवलं होतं. घरात तांदूळ कोण काढते हे ह्यायले अजूनही मालूम नाई. चंचलचं लग्न मागच्या वर्षी झालं, हे दोन पंगतीत जेवले, तेही इसरले. चाळीस वर्षांत माहा हात धरून दुखते काय, असं पहिल्यांदा इचारलं ह्यायनं, म्हणून येते म्हणते. बुधवारच्या एसटीनं. अक्षर वाकडं आहे, डाव्या हातानं लिवून राह्यली. तुह्या जावयाले स्टँडवर पाठव. पिशवी मले उचलत नाई.