नामिबची बाटली

गुरुवार, ९ नोव्हेंबर
दुकानातून, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे

चि. सूनबाई,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. तो दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. खाडाखोड केलेला कागद पाठवणं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून हा तिसरा घेतला आहे. यावर आशीर्वाद लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

इकडे सगळे ठीक. तुझ्या सासूबाईंचा गुडघा आता कुरकुरत नाही, त्याची उणीव त्या स्वतः भरून काढतात. दुकानाला नवं शटर बसवलं. मनगटी घड्याळं दुरुस्तीला फारशी येत नाहीत, भिंतीवरची येतात. वाचनालयवाले पुन्हा मागे लागलेत. या वेळी वाळूच्या बाटल्यांसाठी कायमचं काचेचं कपाट देणार, वर माझं नाव. म्हणून सोमवारी सगळ्या बाटल्या पुसायला काढल्या.

मांडणी तुला ठाऊक आहे. लोक वाळवंटं खंडांप्रमाणे लावतात, मी कारणांप्रमाणे लावतो. पहिल्या फळीवर विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना वीस-तीस अंशांच्या आसपासची, जिथे वरून उतरणारी कोरडी हवा ढगच जमू देत नाही: सहारा, अरबस्तान, ऑस्ट्रेलिया. दुसऱ्या फळीवर थंड समुद्रप्रवाहाच्या काठची, समुद्र उशाशी असून तहानलेली: दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं अटाकामा, आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचं नामिब. तिसऱ्या फळीवर आशिया खंडाच्या पोटात, समुद्रापासून लांब आणि डोंगरांच्या आड पडलेली: गोबी, तकलामाकान. सगळ्यांत मोठं वाळवंट अंटार्क्टिका. पण त्याची बाटली कशी भरणार? तुझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "फ्रिजमधला बर्फ खरवडून घाला, कोण बघायला गेलंय!" तेव्हा तू हसली होतीस. मी हसलो नव्हतो. अशा गोष्टींत मला थट्टा चालत नाही, असं मी म्हणालो होतो.

सातवीत शाळा सुटलेल्या माणसानं हे जमवलं. खलाशी, ट्रकवाले, परदेशी गेलेली एक नर्स. घड्याळ दुरुस्त करून द्यायचं आणि मजुरीऐवजी मूठभर वाळू मागायची. एकवीस बाटल्या झाल्या. त्यातल्या वीस खऱ्या आहेत.

आता हे वाक्य लिहून झालंच आहे, तर पुढचीही लिहायला हवीत.

सोमवारीच एक पार्सल आलं. आत खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली, तोंड मेणबत्तीच्या मेणानं बंद केलेलं, आत फिकट पिवळी वाळू. वर वहीच्या कागदाचं लेबल: "वाळवंटाची वाळू. खरी." सोबत चिठ्ठी तुझ्या आप्पांची. "आमच्या मुलीच्या हातून तुमची वस्तू गेली. पुतण्या अरबस्तानात कामाला आहे, तो सुट्टीवर आला तेव्हा मागवली. गोड मानून घ्या."

मनात पहिलं काय आलं ते लपवत नाही. मनात आलं, हे अरबस्तानातलं आहे, नामिबच्या जागी चालणार नाही. इतका मी नेमका माणूस!

मग मी डोळ्याला भिंग लावून ती वाळू पाहिली. कण न् कण गोल, वाऱ्यानं घासून घासून धुरकट झालेला. त्यानंतर चौदा नंबरची, आपली नामिबची बाटली उघडली. कण कोनदार, टोकदार, मध्ये विटेचे लाल ठिपके. खरं तर ते पाहायची मला काही गरज नव्हती. "काय, तांदूळ निवडताय?" तुझ्या सासूबाईंनी विचारलं. मी बाटली बंद केली.

तुला असं लिहिणार होतो की जहाजावरच्या आचाऱ्यानं मला फसवलं, त्यानं दिलेलीच वाळू बनावट निघाली. खोडलेल्या कागदांपैकी एकावर ते लिहूनही झालं होतं. आचाऱ्यानं मला फसवलं नाही. त्यानं दिलेली वाळू अस्सल होती, जर्दाळूच्या रंगाची. वाचनालयातल्या प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी लेबल चिकटवताना बाटली माझ्याच हातातून मोरीत पडली. नळ चालू होता. क्षणात सगळं गेलं. मी, ज्याच्या हातून केसाएवढी स्प्रिंग कधी सुटली नाही!

छापील पत्रिकांत "एकवीस वाळवंटं" असं गेलं होतं. वीस म्हणणं माझ्या जिवावर आलं. दुकानासमोर तुझ्या आप्पांचं गवंडीकाम चालू होतं. ते जेवायला बसले असताना त्यांच्या ढिगातली दोन ओंजळी वाळू मी घेतली, चाळली, आणि रंग जुळावा म्हणून विटेचा तुकडा कुटून मिसळला. मिश्रण चार वेळा बदललं. खोटेपणातही मी नेटका होतो.

प्रदर्शनात तू काय केलंस, ते मी एकट्यानं किती वेळा आठवलं असेल! तू ओरडली नाहीस. माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "बाबा, ही चौदा नंबरची आत ठेवू या का? बांधकामाची वाटते. विटेची भुकटी आहे बघा, बोटाला." तू मला वाचवत होतीस. पण शाळेच्या मुख्याध्यापिका शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं?" आणि माझी जीभ सुटली.

"हिलाच विचारा. पुसताना बाटली फोडली असणार आणि समोरच्या ढिगातली वाळू भरून ठेवली. गवंड्याच्या पोरीला काय, वाळू ती वाळू!"

चाळीसेक माणसं होती. तुझे आप्पा स्वच्छ सदरा घालून मागे उभे होते. ते पुढे आले, चिमूटभर वाळू तळहातावर चोळली आणि माझ्यापुढे हात जोडले. "पोरीकडून चूक झाली. पदरात घ्या." तू एवढंच म्हणालीस, "आप्पा, मी नाही." ते म्हणाले, "गप बस."

त्या क्षणी माझ्या एका शब्दानं सगळं निस्तरलं असतं. मी म्हणालो, "जाऊ द्या मिस्त्री, होतं असं." मोठ्या मनानं माफ केलं मी तुला! नंतर चिरंजीवांनी फोनवर विचारलं, "बाबा, नक्की तिनंच?" मी म्हणालो, "नक्की."

त्यानंतर तुम्ही दोघांनी त्याच्या नोकरीच्या गावी बिऱ्हाड केलंत. तुझं माहेर तुटलं, हे मला मुलाकडूनच कळत होतं. छोटी झाली तेव्हा मी येऊन तिला मांडीवर घेतलं. तू मला पाणी दिलंस आणि आत गेलीस. तुझ्या आप्पांनी आठ महिन्यांच्या नातीचं तोंडही पाहिलेलं नाही. मी पाहिलं आहे. दोनदा.

काल आप्पांच्या कामावर गेलो. ते परातीत सिमेंटचा माल घेऊन कोपरा भरत होते.

"या, या! आज दुकान बंद? गावाची घड्याळं थांबली की काय?"

मी म्हणालो, "मिस्त्री, ती बाटली मी फोडली होती. तुमच्या ढिगातली वाळू मी घेतली होती. विटेची भुकटी मीच मिसळली. सूनबाईनं काही केलेलं नाही."

त्यांनी थापी पुन्हा मालात घातली. मग म्हणाले, "थांबा जरा. माल सुकतो." आणि तो कोपरा पुरा केला. ओळंबा लावून पाहिला. खाली उतरून कोपरापर्यंत हात धुतले.

"वाळू हातावर घेतली तेव्हाच कळलं होतं, माझ्या ढिगाची आहे," ते म्हणाले. "म्हटलं, दुसरं कोण घेणार? तुम्ही घ्याल असं मनात तरी कसं येईल? तुम्ही शिकलेले."

"मी सातवी आहे, मिस्त्री."

"ते मला कुठे ठाऊक!"

इतकी वर्षं मी ते त्यांना कळू दिलं नव्हतं. ते स्वतः नववी आहेत, हे मला काल कळलं.

मी म्हणालो, "मला शिव्या द्या."

"तुम्हाला शिव्या देऊन माझं बोललेलं परत येतंय होय? मी तिला म्हणालो, खोटं बोलणारी पोर मला नको. कबूल कर, मग घरी ये. ती आलीच नाही." ते बादलीच्या कडेला हात टेकून बसले. "खोटी असती तर आली असती की हो. कबूल करून मोकळी झाली असती. एवढंसुद्धा मला उमगलं नाही."

मी निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाले, "तिला तुम्ही लिहा. रविवारी अकराच्या गाडीनं जाईन, पण मी कुठल्या तोंडानं सांगू?"

म्हणून हे पत्र. मुख्याध्यापिकांना आज सकाळी भेटून सांगितलं. त्यांनी चहा विचारला नाही, ते बरं केलं. कपाट नको म्हणून वाचनालयाला कळवलं आहे. त्याच दालनात पुढच्या शनिवारी बाटल्या मांडीन त्या वीसच, आणि तुझ्यावर आळ घेतला होता त्याच जागी उभा राहून तो खोटा होता हे सांगीन. त्या दिवशी जे हजर होते, त्यांची यादी आठवून आठवून केली आहे. सदतीस नावं झाली. उरलेली शोधतो आहे. चिरंजीवांनाही फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला काय सांगता? तिला लिहा."

मी क्षमा मागत नाही. मागितली तर तुझ्या स्वभावाप्रमाणे तू देऊन टाकशील, आणि मी पुन्हा सुटेन.

एकच सांगायचं आहे. तुझे आप्पा रविवारी अकराच्या गाडीनं तुमच्याकडे येतील. हे पत्र तोवर तुझ्या हाती पडावं म्हणून माणसाहाती पाठवतो आहे. ते दार दोनदा ठोठावणार नाहीत, तेवढा त्यांना धीर नाही. तू त्यांच्यावर रागाव, बोल, हवं तर रड. पण पहिल्या थापेला दार उघड. त्यांनी तुला खोटं मानलं, ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवून.

माझ्यासाठी काही उघडू नकोस.

चाळीस माणसांत तुझं खरं खोटं पाडणारा,
तुझा सासरा