सातव्या डब्यावरची फुली

मी, जलालुद्दीन करीमोद्दीन शेख, वय एकाहत्तर, निवृत्त फिटर, राहणार परळी वैजनाथ, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. 'अब्बांचं डोकं फिरलंय' असं माझा मुलगा मतीन गावभर सांगतो, म्हणून जोडला.

१. आमच्या शरियतप्रमाणे मला माझ्या मालमत्तेच्या एक तृतीयांशाचंच वाटप करता येतं. बाकी सगळं मतीन आणि मुलगी अदिबा यांनी रीतीप्रमाणे घ्यावं. भांडलात तर लाज वाटू द्या.

२. कानस, पक्कड, पत्रा कापायची कात्री अदिबाला. मतीनला खिळासुद्धा सरळ ठोकता येत न्हाई, हाय ते हाय.

३. मागच्या खोलीत टेबलावर मी कोळसा खाणीतली छोटी रेल्वे उभी केली आहे. सात डबे, गोडेतेलाच्या डब्यांच्या पत्र्याचे. चहाचं पाणी आणि विटेची भुकटी लावून गंज आणला, वर इथल्याच थर्मल वीजकेंद्राची राख चोळली. मतीन, ते भंगार नाही. म्हातारपणी हा पोरखेळ कशाला, असं विचारायचास ना? आता ऐक.

४. एक्क्याण्णव साली मी विदर्भातल्या एका खाणीत डबे तपासायचो. दोन डब्यांच्या कडीतली खीळ हातोडीने ठोकून पाहायची, मगच डब्यावर खडूने फुली मारायची. फुली पाहूनच गाडी उतारावर सोडत. त्या दिवशी माझा चहा निवत होता. मी एकही खीळ न ठोकता सातही डब्यांवर फुल्या ओढल्या. सातवा सुटला. खाली चकलांब्याचा राधाकिशन रूळ साफ करत होता. माझ्याच ताटात जेवणारा माणूस. चौकशीत साहेब म्हणाले, "खीळ त्यानेच काढली असेल." मी म्हणालो, "हो साहेब."

५. टेबलावरचा सातवा डबा मी चारदा नव्याने बनवला. त्यावर फुली मी कधीच ओढली नाही. तरी दुपारची जोहरची नमाज पढून आलो की फुली असते. पुसतो. दुसऱ्या दिवशी परत असते. खीळ झाळून टाकली, तरी डबा सुटून टेबलावरच्या उताराच्या तळाशी उभा. घरात मी एकटा, मांजरसुद्धा नाही. या अल्लाह, लई भीती वाटते. मेल्यावर राधाकिशन समोर आला तर काय बोलू?

६. माझा एक तृतीयांश राधाकिशनच्या पत्नी जानकीबाई यांना द्यावा. हे उपकार नव्हेत. आणि माझ्यामागे हा कागद चकलांब्यात चारचौघांत मोठ्याने वाचावा. नवरा स्वतःच्या हलगर्जीने मेला, हे ती बाई चौतीस वर्षं ऐकत आली आहे.

७. सातवा डबा माझ्यासोबत पुरू नये. आमच्यात तसं चालत नाही, आणि मला तो सोबत नको.

८. दुसरी साक्षीदार म्हणून राधाकिशनची लेक संगीता हिला मुद्दाम बोलावलं आहे. तिला यातलं काही ठाऊक नाही. तिने आधी सगळं वाचावं. सही केली नाही, तर दुसरं कुणी शोधू नये.

ठिकाण : परळी वैजनाथ
तारीख : ९ जानेवारी २०२५
(सही) जलालुद्दीन करीमोद्दीन शेख

साक्षीदार :
१. (सही) सोमेश्वर बाबुराव फड, शेजारी
२. (सही) संगीता राधाकिशन गव्हाणे

सहीखाली संगीताच्या अक्षरात : वाचलं. सही केली. आई बाहेर रिक्षात बसलीय. मरायची वाट कावून बघता काका? उठा, आत्ताच तिच्या तोंडावर सांगा.